नव्या करारातील ग्रीक ‘एन’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा करार हा बायबलचा दुसरा भाग मुळात ग्रीक भाषेत आहे. तो मुळातून वाचू लागलेल्या मराठी वाचकाला पहिल्या आठवड्यातच ‘एन’ हा दोन अक्षरांचा शब्द भेटतो. पहिल्या महिन्यात तो सोपा वाटतो आणि पुढची कित्येक वर्षे अवघड वाटत राहतो. बायबलचा अभ्यास करणाऱ्यांकडून, प्रवचनकारांकडून आणि भाषांतराची आवड असणाऱ्यांकडून या शब्दाविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. वचनांचे मराठी शब्द मूळ ग्रीकवरून अर्थ दाखवण्यापुरते केलेले आहेत. ते कोणत्याही छापील आवृत्तीतून घेतलेले नाहीत.

‘एन’ म्हणजे काय? त्याला मराठीत एकच प्रतिशब्द देता येईल का?

एकच प्रतिशब्द देता येणार नाही. ‘एन’ हे नामाच्या आधी येणारे अव्यय आहे. मराठीत हे काम शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय करतात, पण ते नामाच्या नंतर येतात. आपण ‘घरात’ म्हणतो, ग्रीक माणूस ‘त घर’ अशा क्रमाने बोलतो. ‘आत’, ‘मध्ये’ हा त्याचा मूळ आणि सर्वांत नेहमीचा अर्थ. परंतु संदर्भानुसार त्याचे मराठी रूप ‘-त’, ‘-वर’, ‘-ने’, ‘-च्या द्वारे’, ‘-सह’, ‘-मुळे’, ‘-च्या ठायी’, ‘-च्या लेखी’ किंवा ‘असताना’ असे काहीही होऊ शकते. नव्या करारात हा शब्द सुमारे २७५० वेळा येतो. नामाच्या आधी येणारे दुसरे कोणतेही अव्यय तेथे इतक्या वेळा आलेले नाही.

एका शब्दाला इतके अर्थ कसे? ही भाषेची ढिलाई नाही का?

ढिलाई मुळीच नाही. ज्यांनी शाळेत थोडेफार संस्कृत केले आहे, त्यांना याचे कारण इतरांपेक्षा लवकर उमगते. संस्कृतात आठ विभक्ती आहेत. साधनासाठी तृतीया, देण्याच्या क्रियेत ज्याला द्यायचे त्याच्यासाठी चतुर्थी, स्थळ व काळ यांसाठी सप्तमी अशी कामे तेथे वाटून दिलेली आहेत. ग्रीक भाषेच्या फार जुन्या काळातच या तीन विभक्ती एकमेकींत मिसळल्या आणि एकच विभक्ती उरली. ग्रीक वैयाकरणांनी तिला ‘देण्याची विभक्ती’ असे नाव दिले, म्हणून सोयीसाठी आपण तिला चतुर्थी म्हणू. मात्र ही चतुर्थी तृतीयेचे आणि सप्तमीचेही काम करते, हे मनात पक्के ठेवायला हवे.

‘एन’ या एकाच विभक्तीबरोबर येतो, दुसऱ्या कोणत्याही नाही. ‘दिआ’ (‘द्वारे’) किंवा ‘मेता’ (‘सह’) यांसारख्या अव्ययांचा अर्थ पुढची विभक्ती बदलली की बदलतो. ‘एन’च्या बाबतीत विभक्ती पाहून काहीच निवडता येत नाही. म्हणून ‘घरात’, ‘तीन दिवसांत’ आणि ‘तलवारीने’ हे तिन्ही अर्थ ग्रीकमध्ये एकाच साच्यातून निघू शकतात. मराठीत ‘त’ आणि ‘ने’ वेगळे असल्याने जो फरक आपण न विचारता करतो, तो ग्रीक वाचताना क्रियापद, नाम आणि वाक्याचा ओघ पाहून करावा लागतो. मराठीत भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी निवड करणे भाग पडते आणि वाचकासमोर त्या निवडीचा निकाल तेवढा येतो. माझ्या मते ‘एन’चा अभ्यास करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

‘एन’चा आपल्या भाषांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दूरच्या नात्याचा आहे. लॅटिनमधील ‘इन’ हा ‘एन’चा सख्खा भाऊ. संस्कृतातील ‘अन्तर्’ हा शब्दही त्याच मुळापासून वाढलेला आहे. मराठीतील ‘आत’ आणि सप्तमीचा ‘त’ यांची व्युत्पत्ती सामान्यतः याच ‘अन्तर्’कडे नेली जाते. ‘एन’चे भाषांतर ‘-त’ असे करताना आपण एका घराण्यातल्या शब्दाची जागा दुसऱ्याला देत असतो.

दुसरे एक साम्य उच्चाराचे आहे. ‘एन’ क्रियापदाला उपसर्ग म्हणून जोडला की पुढच्या व्यंजनानुसार त्याचा अनुनासिक बदलतो. ओष्ठ्य व्यंजनापूर्वी तो ‘एम’ होतो आणि कंठ्य व्यंजनापूर्वी ‘एङ’ असा उच्चारला जातो. ‘बाइनो’ म्हणजे चालणे, तर ‘एम्बाइनो’ म्हणजे नावेत चढणे. ‘संपत्ती’ आणि ‘संकट’ या शब्दांतील अनुस्वार आपण ज्या नियमाने वेगवेगळा उच्चारतो, तोच हा नियम.

‘एन’ आणि ‘हेन’ यांत गोंधळ होतो असे ऐकले. तो काय आहे?

‘एन’ म्हणजे ‘आत’ आणि ‘हेन’ म्हणजे नपुंसकलिंगी ‘एक’. छापील ग्रंथात दोन्ही शब्दांची अक्षरे तीच असतात. ‘ह’कार केवळ स्वरावरच्या एका लहान चिन्हाने कळतो आणि ‘एन’वर आघातचिन्ह नसते. अगदी जुन्या हस्तलिखितांत मात्र ही चिन्हे सहसा लिहिलेली नसत. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात कोणता शब्द होता, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागे.

याचे बोलके उदाहरण पेरणाऱ्याच्या दृष्टांतात आहे. मार्क ४:८ मध्ये (म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनात) चांगल्या जमिनीत पडलेल्या बियाने तीसपट, साठपट आणि शंभरपट पीक दिले असे म्हटले आहे. तेथे प्रत्येक संख्येच्या आधी जो शब्द आहे तो ‘हेन’ वाचावा की ‘एन’, याविषयी हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या यांच्यात एकमत नाही. ‘हेन’ वाचावे असे मलाही वाटते. येशूच्या काळी त्याच्या लोकांत बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेत ‘पट’ सांगताना संख्येच्या आधी ‘एक’ हा शब्द ठेवत, आणि दानीएल ३:१९ मध्ये भट्टी सातपट तापवण्याची आज्ञा आहे तेथे नेमकी हीच रचना आहे. अर्थात कोणताही शब्द वाचला तरी पीक तेवढेच येते.

स्थळ आणि काळ दाखवताना ‘एन’ मराठी ‘-त’सारखाच चालतो का?

बहुतेक ठिकाणी चालतो. ‘एन ते पोलेइ’ म्हणजे शहरात, ‘एन तो ओइको’ म्हणजे घरात. पुढे अनेकवचनी माणसे असली की अर्थ ‘-मध्ये’, ‘-पैकी’ असा होतो. अलीशिबा मरीयेला ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ असे म्हणते (लूक १:४२), तेथे हाच ‘एन’ आहे.

काळाच्या बाबतीत दोन छटा लक्षात ठेवाव्यात. ‘शेवटच्या दिवशी’ (योहान ६:४४) यात ‘एन’ घटनेची वेळ सांगतो. ‘हे मंदिर मोडा आणि तीन दिवसांत मी ते उभारीन’ (योहान २:१९) यात तो मुदत सांगतो. मराठी ‘दिवसांत’मधला ‘त’ ही मुदत अगदी तंतोतंत पकडतो. याच विधानाची आठवण मार्क १४:५८ मध्ये साक्षीदार सांगतात, तेव्हा ‘एन’ऐवजी ‘दिआ’ येतो आणि अर्थ ‘तीन दिवसांनी’, ‘तीन दिवस जाऊन’ याकडे झुकतो. पुढच्याच अध्यायात, मार्क १५:२९ मध्ये, वाटेने जाणारे लोक टिंगल करताना पुन्हा ‘एन’ वापरतात. यावरून कोणी मोठा सिद्धांत उभारू नये. एकच गोष्ट माणसे दोन प्रकारे सांगतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्रकटीकरण १:१० मध्ये एकाच छोट्या वाक्यात दोन ‘एन’ आहेत. ‘प्रभूच्या दिवशी मी आत्म्यात होतो’ यातला एक ‘एन’ वेळ सांगतो आणि दुसरा अवस्था सांगतो.

‘तलवारीने’ असे म्हणायला ‘तलवारीत’ असे का लिहिले आहे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. लूक २२:४९ मध्ये शिष्य येशूला विचारतात, ‘प्रभू, आम्ही तलवारीने मारू का?’ ग्रीकमध्ये तेथे ‘एन माखाइरे’ असे शब्द आहेत. त्याच लेखकाच्या प्रेषितांची कृत्ये १२:२ मध्ये हेरोद याकोबाला तलवारीने ठार मारतो, तेव्हा ‘एन’ नाही आणि केवळ चतुर्थी विभक्तीने काम भागले आहे. दोन्हींचा अर्थ ‘तलवारीने’ असाच आहे.

मग पहिल्या ठिकाणी ‘एन’ आला कोठून? एक मोठे कारण हिब्रू भाषा हे आहे. हिब्रूत ‘ब’ हे एकाक्षरी अव्यय नामाला जोडून येते आणि स्थळ, काळ, साधन, सोबत, किंमत असे अनेक अर्थ वाहते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथे हिब्रू शास्त्रलेखांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. त्या भाषांतरकारांनी ‘ब’साठी बहुधा ‘एन’ लिहिला. त्या ग्रंथावर वाढलेल्या पिढ्यांच्या ग्रीकमध्ये ‘एन’ साधनाच्या अर्थाने सहज येऊ लागला. प्रकटीकरण ५:९ मध्ये ‘तू आपल्या रक्ताने देवासाठी माणसे विकत घेतलीस’ असे आहे. तेथील ‘एन’ किमतीचा आहे आणि त्याच्यामागे हाच हिब्रू ‘ब’ उभा आहे.

मात्र सर्व काही हिब्रूच्या खात्यावर टाकणेही चुकीचे ठरेल. १ करिंथकरांस ४:२१ मध्ये नव्या करारातील अनेक पत्रांचा लेखक पौल विचारतो, ‘मी काठी घेऊन येऊ की प्रीतीने येऊ?’ तेथील ‘एन राब्दो’ या शब्दांना एके काळी विद्वान हिब्रू वळणाचे ग्रीक मानत. १९०२ मध्ये ईजिप्तमधील टेब्टूनिस येथे सापडलेल्या पपायरसवरील (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरील) लेखांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील साध्या तक्रारअर्जांत शस्त्रे घेऊन आलेल्या माणसांचे वर्णन याच ‘एन’ने केलेले सापडले. अर्ज करणारे ते लोक काही हिब्रूतून भाषांतर करत नव्हते. बोलत्या ग्रीकमध्ये ही रचना आधीच होती, आणि सेप्टुआजिंटमुळे तिचा वापर ख्रिस्ती लेखनात पुष्कळ वाढला, असे म्हणणे मला न्याय्य वाटते.

सोबतीच्या अर्थाचे एक सुंदर वाक्य लूक १४:३१ मध्ये आहे. दहा हजारांनिशी असलेला राजा वीस हजारांनिशी येणाऱ्याला तोंड देऊ शकेल का, असा तेथे प्रश्न आहे. पहिल्या सैन्यासाठी ‘एन’ आणि दुसऱ्यासाठी ‘मेता’ वापरला आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘-निशी’ हा जुना प्रत्यय चपखल बसतो.

बाप्तिस्मा ‘पाण्याने’ की ‘पाण्यात’? ‘एन’वरून हा वाद मिटतो का?

मिटत नाही. मत्तय ३:११ आणि योहान १:२६ मध्ये ‘एन ह्युदाती’ आहे, म्हणजे ‘पाण्यात’ किंवा ‘पाण्याने’. लूक ३:१६ मध्ये, आणि आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या पाठानुसार मार्क १:८ मध्येही, पाण्याच्या आधी ‘एन’ नाही. तेथे केवळ चतुर्थी आहे आणि ‘एन’ पवित्र आत्म्याच्या आधी आहे. चारही लेखक बाप्तिस्मा करणाऱ्या एकाच योहानाचे एकच म्हणणे सांगत आहेत. ‘एन’ असला तर बुडवणे आणि नसला तर शिंपडणे असा नियम केला, तर योहानाने एका शुभवर्तमानात बुडवले आणि दुसऱ्यात शिंपडले असे म्हणण्याची पाळी येईल.

बाप्तिस्म्याच्या पद्धतीविषयी निर्णय घ्यायचा असेल, तर ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा वापर, मार्क १:९-१० मधील यार्देन नदीतून वर येण्याचे वर्णन आणि आरंभीच्या मंडळ्यांचा प्रघात यांचा विचार करावा. ‘एन’ या एका अव्ययाच्या खांद्यावर तो भार टाकू नये. आपापल्या मंडळीची बाजू मांडताना दोन्ही पक्षांनी हे केलेले आहे आणि दोन्हीकडे ते मला खटकते.

मार्क ५:२ मध्ये माणूस आत्म्यात आहे की आत्मा माणसात?

ग्रीक शब्दांप्रमाणे ‘अशुद्ध आत्म्यात असलेला माणूस’ असे आहे. मार्क १:२३ मध्येही सभास्थानातील माणसाचे वर्णन असेच येते. आपण नेमके उलट बोलतो. मराठीत वारे अंगात येते, माणूस वाऱ्यात जात नाही. म्हणून शब्दशः भाषांतर मराठी कानाला विचित्र लागते, आणि ‘अशुद्ध आत्मा लागलेला माणूस’ हे भाषांतर योग्यच आहे.

तरीही मूळ रचनेकडे क्षणभर पाहावे. ‘एन’ येथे ताब्याचा अर्थ देतो. माणूस एका सत्तेच्या घेऱ्यात सापडला आहे, असे ते चित्र आहे. त्याच अध्यायात २५व्या वचनात बारा वर्षे आजारी असलेली स्त्री ‘रक्तस्रावात असलेली’ आहे. तेथेही ‘एन’ स्थळ सांगत नाही. जिने तिला वेढले आहे ती अवस्था तो सांगतो. ‘तो अडचणीत आहे’, ‘ती काळजीत आहे’ असे आपणही म्हणतो, तेव्हा अडचण आणि काळजी या काही खोल्या नसतात. हा अर्थ नीट मनात बसला की ‘ख्रिस्तात’ या शब्दाकडे जाण्याची वाट सोपी होते.

‘एन’ आणि ‘एइस’ यांत काय फरक आहे?

नियम असा आहे की ‘एन’ स्थिती दाखवतो आणि ‘एइस’ गती दाखवतो. पहिला ‘घरात आहे’ म्हणतो, दुसरा ‘घरात जातो’ म्हणतो. ‘एइस’ हा शब्द ‘एन’लाच शेवटी ‘स’ जोडून तयार झाला. मराठीत दोन्हींना ‘-त’ पुरतो, म्हणून मराठी विद्यार्थ्याला हा फरक सुरुवातीला जाणवत नाही.

नव्या कराराच्या काळापर्यंत बोलत्या ग्रीकमध्ये ही सीमारेषा पुसट होऊ लागली होती. मत्तय २४:१८ मध्ये ‘शेतात असलेल्याने’ मागे फिरू नये असे सांगताना ‘एन’ आहे, तर मार्क १३:१६ मध्ये तेच वाक्य ‘एइस’ घेऊन आले आहे. मार्क १:५ मध्ये लोक ‘एन’ने यार्देनेत बाप्तिस्मा घेतात आणि चार वचनांनंतर येशू ‘एइस’ने घेतो. मार्कला ‘एइस’ची सवय अधिक होती. या फरकातून येशूच्या बाप्तिस्म्याचे काही गूढ वेगळेपण काढू पाहणारी प्रवचने मार्कच्या बोलण्याच्या लकबीला सिद्धांत समजतात. पौल मात्र दोन्ही शब्दांत सहसा काटेकोर फरक पाळतो, म्हणून कोणता लेखक लिहितो आहे हे आधी पाहावे.

पौलाचे ‘एन ख्रिस्तो’ म्हणजे नेमके काय?

येथे थोडे थांबायला हवे, कारण ‘एन’विषयीचा सर्वांत खोल प्रश्न हाच आहे. ‘ख्रिस्तात’, ‘प्रभूत’, ‘त्याच्यात’ हे शब्द पौलाच्या पत्रांत इतक्या वेळा येतात की काही विद्वानांनी त्यांनाच त्याच्या विचाराचे केंद्र मानले आहे. १८९२ मध्ये जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान याने या शब्दप्रयोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने ‘एन’चा स्थळवाचक अर्थ धरला. पक्षी जसा हवेत असतो आणि हवा त्याच्यात असते, तसा विश्वासणारा उठलेल्या ख्रिस्तात असतो, अशा धर्तीचे त्याचे म्हणणे होते. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले, पण प्रश्न त्याने मांडला तसाच समोर राहिला.

माझ्या वाचनात या शब्दप्रयोगाच्या निदान तीन वेगळ्या पातळ्या दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळतात. सर्वांत साधी पातळी रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. तेथे अंद्रोनीक आणि युनिया ‘माझ्या आधी ख्रिस्तात होते’ असे पौल लिहितो, आणि त्याचा अर्थ ते माझ्या आधी ख्रिस्ती झाले एवढाच आहे. ‘ख्रिस्ती’ हे विशेषण पौल कधी वापरत नाही, त्याची जागा ‘एन ख्रिस्तो’ भरून काढतो. त्याच अध्यायात पत्राचा लेखनिक तर्तियस स्वतःचा नमस्कार कळवतो आणि शेवटी ‘प्रभूत’ हा शब्द ठेवतो. त्याने पत्र प्रभूत लिहिले की नमस्कार प्रभूत सांगितला, हे ग्रीक शब्दक्रमावरून ठरत नाही.

दुसरी पातळी साधनाची आहे. २ करिंथकरांस ५:१९ मध्ये देव ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा आपल्याशी समेट करत होता असे वाचता येते. तेच शब्द ‘देव ख्रिस्तात होता आणि जगाचा समेट करत होता’ असेही वाचता येतात. पहिल्या वाचनात ‘एन’ साधन दाखवतो, दुसऱ्यात देवाचे वास्तव्य. त्या पत्राचा विषय समेटाची सेवा हा आहे, म्हणून मला पहिले वाचन अधिक जवळचे वाटते. दुसरे अशक्य आहे असे मात्र व्याकरणाच्या बळावर म्हणता येत नाही.

तिसरी पातळी १ करिंथकरांस १५:२२ मध्ये उघड होते. ‘जसे आदामात सर्व मरतात, तसे ख्रिस्तात सर्व जिवंत केले जातील.’ आदामात असणे म्हणजे आदामाच्या शरीराच्या आत असणे नव्हे. एका मूळ पुरुषाच्या वाट्याला जे आले ते त्याच्या सगळ्या घराण्याच्या वाट्याला येते, हा तेथील विचार आहे. कुळ, घराणे आणि मूळ पुरुष यांच्या नात्याची जाण मराठी माणसाला मुद्दाम करून द्यावी लागत नाही, त्यामुळे हा अर्थ आपल्याकडे लवकर पोहोचतो. २ करिंथकरांस ५:१७ मधील ‘कोणी ख्रिस्तात असेल तर नवी उत्पत्ती’ हेही याच अंगाने समजते.

मराठीत यासाठी ‘ख्रिस्तामध्ये’ आणि ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असे दोन पर्याय प्रचलित आहेत. ‘मध्ये’ समजायला सोपे आहे, पण ते पेटीमध्ये वस्तू ठेवल्यासारखे ऐकू येण्याचा धोका असतो. ‘ठायी’ या शब्दामागे मराठी संतवाङ्मयाचे वळण आहे. त्यात जागा आहे, आश्रय आहे, नातेही आहे. उपासनेत मला ‘ठायी’ आवडते. व्याकरण शिकवताना मी ‘मध्ये’ वापरतो.

कलस्सैकरांस १:१६ हे एक वचन तरी प्रत्येकाने ग्रीकमध्ये पाहावे. सर्व काही ‘एन’ त्याच्यात निर्माण झाले, ‘दिआ’ त्याच्या द्वारे, आणि ‘एइस’ त्याच्यासाठी. तीन अव्यये एका वाक्यात जवळजवळ उभी आहेत आणि प्रत्येकाला आपले काम आहे. तेथे ‘एन’ आणि ‘दिआ’ या दोघांनाही ‘द्वारे’ म्हणून टाकले, तर वाक्याचा एक पाय मोडतो.

एकाच वाक्यातल्या दोन ‘एन’चा अर्थ वेगळा असू शकतो का?

असू शकतो. गलतीकरांस १:१६ मध्ये पौल म्हणतो की देवाने आपला पुत्र ‘एन एमोई’ प्रकट केला, यासाठी की मी त्याची सुवार्ता ‘एन’ परराष्ट्रीयांत सांगावी. दुसरा ‘एन’ स्पष्टपणे ‘-मध्ये’ आहे. पहिल्याचा अर्थ ‘माझ्या अंतरात’, ‘मला’ की ‘माझ्या द्वारे इतरांना’ यावर जुन्या काळापासून चर्चा आहे. आणखी आठ वचने पुढे गेल्यावर, १:२४ मध्ये, यहूदीयातील मंडळ्यांनी ‘एन एमोई’ देवाचा गौरव केला असे पौल लिहितो. तेथे ‘माझ्यामुळे’ हाच अर्थ जुळतो. म्हणजे तेच दोन शब्द, तोच लेखक, तोच अध्याय, आणि तरीही मराठीत वेगळी रूपे.

याच दोन शब्दांचा आणखी एक वापर १ करिंथकरांस १४:११ मध्ये आहे. भाषेचा अर्थ मला कळला नाही तर बोलणारा ‘एन एमोई’ परका ठरेल. ‘माझ्या लेखी परका’ हे भाषांतर येथे असे बसते की त्यापुढे काही सांगावे लागत नाही.

‘आत्म्याने भरून जा’ यात आत्मा हे साधन आहे की भरण्याची वस्तू?

इफिसकरांस ५:१८ मधील हा प्रश्न मराठीत फार चांगला समजावून सांगता येतो, कारण आपल्या ‘ने’मध्येही हीच दुविधा आहे. ‘घागर पाण्याने भरली’ यात पाणी घागरीत गेले. ‘घागर ओगराळ्याने भरली’ यात ओगराळे बाहेर राहिले आणि केवळ साधन झाले. प्रत्यय तोच, कारक वेगळे. ग्रीकमध्ये भरण्याची वस्तू सहसा षष्ठीने सांगतात, ‘एन’ने नाही. म्हणून अनेक व्याकरणकार येथे आत्मा हा भरणारा आहे असे मानतात. शेजारीच ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ हे वाक्य आहे आणि त्यात ‘एन’शिवाय चतुर्थी आहे. मराठी भाषांतरात दोन्हीकडे ‘ने’ आल्यामुळे मूळचा हा फरक दिसत नाही, पण त्यावर मराठीत उपाय नाही.

लूक २:४९ मध्ये ‘पित्याच्या घरात’ असे म्हटले आहे का?

‘घर’ हा शब्द तेथे नाही. ‘माझ्या पित्याच्या त्या गोष्टींत मी असले पाहिजे’ अशी मोकळी रचना आहे आणि ‘घर’ की ‘कामे’ हे वाचकाने भरायचे आहे. हे बोलणाऱ्या लहान येशूला कोठे शोधावे हे न कळून त्याचे आईबाप भटकत होते, म्हणून ‘घर’ हा अर्थ प्रसंगाला अधिक धरून आहे.

लूक १७:२१ मधील ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’ येथेही ‘एन’ आहे का?

नाही. तेथे ‘एन्तोस’ हा वेगळा शब्द षष्ठीसह आला आहे.

‘एन तो’ आणि त्यापुढे क्रियापद अशी रचना कशी वाचावी?

‘असताना’ असे वाचावे. ग्रीक भाषा क्रियापदाच्या ‘पेरणे’, ‘जाणे’ या रूपाला नामासारखे वापरते आणि त्याआधी ‘एन तो’ ठेवते. लूक ८:५ मध्ये ‘तो पेरत असताना’ काही बी वाटेवर पडले. हिब्रूत ‘ब’ लावून अशीच रचना होते आणि सेप्टुआजिंटमध्ये ती विपुल आहे. नव्या करारात ती लूकच्या लेखनात सर्वांत अधिक आढळते. बायबलची ग्रीक शैली त्याने जाणूनबुजून उचलली असे वाटते, कारण वेळ पडली की तो उत्तम वळणदार ग्रीक लिहितो, हे त्याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांवरून दिसते.

मराठी भाषांतरकारांनी ‘एन’ला कसे हाताळले आहे?

मराठी नवा करार प्रथम १८११ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथून विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली छापून निघाला. त्यानंतर अनेक आवृत्त्या आणि सुधारणा झाल्या. त्या परंपरेत पंडिता रमाबाईंचे स्थान वेगळे आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. संस्कृतच्या विभक्ती ज्यांना लहानपणापासून मुखोद्गत होत्या, अशा विदुषीने ग्रीक चतुर्थीशी झुंज घेतली, ही गोष्ट मला नेहमी ओढून घेते.

दोन मराठी आवृत्त्या शेजारी ठेवून एकच वचन वाचण्याची सवय प्रत्येकाने लावावी. एकीत ‘द्वारे’ आणि दुसरीत ‘ठायी’ दिसले, की मूळ ग्रीकमध्ये बहुधा ‘एन’ आहे असे समजावे. इब्री लोकांस १:१-२ हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. देव पूर्वी ‘संदेष्ट्यांच्या द्वारे’ बोलला आणि या शेवटच्या दिवसांत ‘पुत्राच्या द्वारे’ बोलला, असे आपण वाचतो, आणि दोन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये ‘एन’ आहे.

शपथ घेतानाही ‘एन’ येतो का?

येतो. मत्तय ५:३४-३५ मध्ये आकाशाची आणि पृथ्वीची शपथ ‘एन’ने सांगितली आहे, पण यरुशलेमेची ‘एइस’ने. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘ची शपथ’ असेच म्हणावे लागते.

आजच्या ग्रीक भाषेत ‘एन’ आहे का?

रोजच्या बोलण्यात स्वतंत्र शब्द म्हणून नाही. चतुर्थी विभक्तीच लोप पावली, तेव्हा तिच्याशी बांधलेला ‘एन’ही गेला. ‘एइस’ मात्र ‘से’ या रूपाने टिकला आणि त्याने स्थिती व गती ही दोन्ही कामे उचलली. मार्क १३:१६ मध्ये दिसणारी खूण पुढे अशी पूर्णत्वाला गेली. जुना ‘एन’ काही ठरीव शब्दांत गोठून राहिला आहे. अथेन्सच्या रस्त्यावर ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी दिवसातून शंभरदा ऐकू येणारा ‘एन्दाक्सी’ हा शब्द मुळात ‘एन ताक्सेइ’ म्हणजे ‘क्रमात’, ‘व्यवस्थेत’ असा आहे.

एखाद्या वचनातील ‘एन’चा अर्थ ठरवताना कोठून सुरुवात करावी?

क्रियापदापासून. राहणे, असणे, चालणे ही क्रियापदे असतील तर ‘त’ किंवा ‘ठायी’ आधी करून पाहावे. मारणे, विकत घेणे, शुद्ध करणे असली तर ‘ने’. त्यानंतर पुढचे नाम वस्तू आहे, व्यक्ती आहे की काळ आहे ते पाहावे. मग तोच लेखक तीच जोडी इतरत्र कशी वापरतो, हे शब्दसूचीतून शोधावे. सेप्टुआजिंटमध्ये तशी रचना असेल तर हिब्रूकडे एक नजर टाकावी. एवढे करूनही दोन अर्थ उरले, तर दोन्ही लिहून ठेवावेत आणि आपण कोणता घेतला व का घेतला तेही लिहावे.

सरावासाठी १ करिंथकरांस १२:१३ घ्यावे: ‘एन हेनी प्न्यूमाती हेमेइस पान्तेस एइस हेन सोमा एबाप्तिस्थेमेन.’ एका आत्म्यात किंवा एका आत्म्याने आपण सर्व एका शरीरात बाप्तिस्मा पावलो. ‘एन’, ‘हेनी’, ‘एइस’, ‘हेन’ हे चारही सारखे ऐकू येणारे शब्द या एका ओळीत आहेत. ते सावकाश, मोठ्याने आणि प्रत्येकाची विभक्ती सांगत वाचावेत. मग पहिल्या शब्दापुढे ‘-त’ लिहायचे की ‘-ने’, हे पेन्सिलीने ठरवावे.